लिमानाकीची मागची बाजू

बोनकोड्याच्या कमळाकर मढवीला जगातली दोन गावं तोंडपाठ होती. एक बोनकोडे, जिथं तो जन्मला. दुसरं लिमानाकी, जे ग्रीस देशात समुद्राकाठी आहे आणि जिथल्या मातीला त्याचा पाय आयुष्यात कधी लागला नाही. ही दुसरी भानगड फक्त त्याच्या बायकोला, पुतळाला, माहीत होती, आणि आता तुम्हाला. तुमच्यापाशीच ठेवा, कारण बाकी बोनकोड्याची समजूत अशी, की कमळाकर म्हणजे अर्धा लिमानाकीचाच माणूस.

त्याचं झालं असं. तरुणपणी कमळाकर परदेशी मालबोटीवर भंडारी होता, म्हणजे बोटीवरचा आचारी. एका पावसाळ्यात त्याची बोट लिमानाकीच्या आखातात शिरली, आणि बोटीचा मालक नि बंदरातले साहेब यांचं काहीतरी बिनसलं. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत बोटीनं हलायचं नाही आणि बोटीवरच्या माणसानं खाली उतरायचं नाही, असा हुकूम सुटला. कोर्ट तिथलं असलं तरी कोर्टच. इकडं बोनकोड्यात गणपती आले नि गेले, दिवाळी झाली, होळी पेटली, तरी बोट जागची हलेना. तेवढे महिने कमळाकर कठड्याला रेलून समोरचं गाव बघत राहिला. दुसरं करणार काय? भाताला आधण आलं की आचाऱ्याला वेळच वेळ. मेटसाहेबाची, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या साहेबाची, दुर्बीण मागून आणायची आणि डोळ्याला लावून बसायचं. होडीतून भाजीपाला पोचवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून गावाचं नाव नि थोडेफार शब्द त्यानं उचलले. मग एके दिवशी निकाल लागला, नांगर उठला, आणि गाव मागं राहिलं.

घरी आल्यावर लोकांनी विचारलं, काय बघितलंस रे परदेशात. तो म्हणाला, एक गाव बघितलं. यात खोटं काय आहे, सांगा. कमळाकर थापा मारणाऱ्यातला नव्हताच. "मी तिथं गेलो व्हतो" असं तो कधी म्हणाला नाही. "तिथं असताना" असं म्हणायचा, आणि या एका "असताना"वर त्यानं पुढली कितीतरी वर्षं काढली. लोकांनी आपापल्या मनानं त्याला बोटीतून उतरवला, गल्ल्यांतून हिंडवला, काहींनी तर तिथली एक बाईसुद्धा त्याच्या गळ्यात बांधून टाकली. कमळाकर नुसता हसायचा. नाही म्हणाला नाही, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

पुतळानं मात्र लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याला पकडलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो तिला गाव सांगायचा. कुठल्या घराची खिडकी निळी, कुठल्या म्हातारीच्या गॅलरीत कुंड्या किती, कोळ्यांच्या होड्या कशा रंगवलेल्या. ती बोंबील साफ करता करता ऐकायची. एकदा तिनं हातातली सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी आचारी मानूस. गल्लीत शिरता शिरता कुनाच्या चुलीवर काय हाय ते सांगता. मंग या गावाचा वास कसा कवाच सांगत नाय?"

कमळाकर ओट्याची कड नखानं खरवडू लागला.

"उतरलाच नाय ना?"

त्यानं मान हलवली. पुतळानं सुरी उचलली आणि पुढचा बोंबील घेतला. त्यानंतर दोघांची भांडणं काय कमी झाली? मिठावरून झाली, सासूवरून झाली, एकदा तर नुसत्या कोंबडीवरून तीन दिवस अबोला होता. त्यात ती तोंडाला येईल ते बोलली. पण लिमानाकीला तिनं कधी हात लावला नाही. हे हत्यार हाताशी असून न उपसणारी बायको मिळायला नशीब लागतं, आणि कमळाकरला ते ठाऊक होतं.

पुढं शहर आलं आणि बोनकोड्याच्या शेतांचे सेक्टर, म्हणजे बिल्डिंगांच्या वसाहती, झाले. जिथं कमळाकरचा बाप चिखलात उभा राहून भात लावायचा, तिथं लोक दुसऱ्या मजल्यावर उभे राहून दात घासू लागले. कमळाकरनं बोटी सोडल्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशीच्या हळदीच्या जेवणावळी धरल्या. तळवलीपासून करंजाड्यापर्यंत कोणाचीही हळद असो, मटणाच्या टोपाशी पळी घेऊन कमळाकर उभा. टोप उकळेपर्यंत तोंड मोकळंच, त्यामुळं त्या पट्ट्यातल्या सगळ्या वऱ्हाडांना लिमानाकी पाठ झालं. नवरदेवाचं नाव विसरतील, पण डोंगरावरचं पांढरं देऊळ विसरायचे नाहीत.

गावाला लागून निसर्गदीप नावाची सोसायटी उभी राहिली होती. तिथं राहणाऱ्या नंदिनीबाई जवळच्याच शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, आवाज असा की वर्गातला पंखा बंद असला तरी पोरांना गार वाटावं. पुस्तकात अख्खा युरोप एका पानात उरकलेला बघून त्यांचा जीव तळमळायचा. त्यांच्या कानावर कमळाकरची ख्याती गेली, तशा त्या थेट त्याच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"मढवीकाका, पाचवीच्या पोरांना तुमचं गाव सांगायला या की."

"मी बाई, चौथी नापास."

"मग बरंच आहे. तुम्ही पुस्तक वाचून दाखवणार नाही."

कमळाकर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पहिल्यांदा त्याला घाम फुटला, मग त्यानं डोळे मिटले आणि बोटीच्या कठड्यावर जाऊन उभा राहिला. तिथून पुढं त्याला कोणी थांबवू शकलं नाही.

"तर पोरांनो, लिमानाकी म्हंजे एकदम चिंचोलं गाव. पुढं पानी, मागं डोंगर, मधी घरं अडकलीत. पानी असं, की नांगराची साखली खालपर्यंत दिसते. आपल्या खाडीत हात घातला तर हात दिसत नाय, तसं नाय. डोंगर वरून पार बोडका, आपल्या पारसिकसारखा. आपला खाणवाल्यांनी बोडका केला, त्यांचा जन्मापासून बोडका. टोकावर पांढरं देऊल, त्याची घंटा वाऱ्यानं आपली आपन वाजते. डोंगराच्या कमरेला झाडं. जैतुन म्हनतात. पानं वरून हिरवी, वारा आला की उलटी होतात आनि सगला डोंगर चांदीचा होतो. संध्याकाली बकऱ्या उतरतात, पुढल्या बकरीच्या गल्यात घुंगरू. थंडीत लांबच्या डोंगरावर बर्फ पडतो, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या काल्या शाली घेऊन उन्हाला बसतात."

मग त्यानं शाळा सांगितली, आणि ती सांगताना त्याचा आवाज जरा हळू झाला. पिवळी इमारत, कमानीचं दार, अंगणात एक मोठं झाड आणि झाडाला टांगलेली घंटा. मुली निळ्या झग्यात. मधल्या सुटीची घंटा झाली की सगळी पोरं धक्क्यावर धावत यायची आणि बोटीकडं बघून हात हलवायची. कमळाकर तेव्हा भाताची मोठी पळी वर करून हलवायचा. पोरं उड्या मारायची. एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला, तर ती तिथंच थांबून राहायची, मास्तर ओरडला तरी.

पाचवी ब बाकांवर पुढं सरकून बसली होती. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "काका, त्या शाळेत आतमध्ये काय असतं?"

"आत? आत मास्तर असतो."

"गृहपाठ असतो का?"

"पोरं शालेत जाताना रडत नव्हती. त्यावरून नसावा."

वर्ग हसला, वेळ निभावली. पण घरी येऊन कमळाकर बराच वेळ शर्टाची बटणं न काढता बसून राहिला. आतमध्ये काय असतं, हे त्यानं स्वतःला एवढ्या वर्षांत हजारदा विचारलं होतं.

पाचवी ब मध्ये निसर्गदीपचे सेक्रेटरी जयप्रकाश कर्णिक यांची मुलगी होती. तिनं घरी जाहीर केलं, की मे महिन्यात महाबळेश्वरला जायचं नाही, लिमानाकीला जायचं. कर्णिक गिरगावातून आलेले, बँकेत ऑफिसर, आणि पाण्याची टाकी भरली म्हणून वॉचमननं सांगितलं तरी शिडीवर चढून स्वतः बघणारे. त्यांनी नकाशाचं पुस्तक काढलं, भिंग लावून ग्रीस देश धुंडाळला. लिमानाकी सापडेना. मग ते चपला घालून कमळाकरकडं गेले.

"मढवी, तुम्ही तिथं हॉटेल कुठलं घेतलं होतं?"

"बोटीवरच राहत व्हतो."

"बरं, जेवायला गावात कुठं जायचात?"

"आचारी मानूस दुसऱ्याच्या हातचं जेवतो व्हय?"

"गावातला मेन रोड कुठल्या साइडला आहे?"

"धक्क्यापासून वर." हे दुर्बिणीतून दिसायचं. "आनि पुढं वलतो."

"वळून कुठं जातो?"

"पलीकडं."

कर्णिक "अच्छा" म्हणाले. हा माणूस "अच्छा" म्हणाला, की सोसायटीत कोणाचा तरी नळ तोडला जायचा. पुढच्या मीटिंगमध्ये ते म्हणालेच, की टाइमपास म्हणून ठीक आहे, पण मुलांच्या डोक्यात असलं काही प्रॉपर चेक केल्याशिवाय घालू नये. हे बोलणं फिरत फिरत बोनकोड्यात पोचलं.

आणि दिवाळी आली. दरवर्षी निसर्गदीपच्या मैदानात किल्ल्यांची स्पर्धा व्हायची, निकाल तुळशीच्या लग्नानंतर. गावातली पोरं आणि सोसायटीतली पोरं गट करून मातीचे किल्ले बांधायची, नंदिनीबाई परीक्षक, माइक कर्णिकांकडं. त्या वर्षी एका गटानं ठरवलं, रायगड पुरे, आपण लिमानाकी करायचं. कर्णिक म्हणाले, ही किल्ल्यांची स्पर्धा आहे, गावांची नाही. नंदिनीबाई म्हणाल्या, डोंगरावर तटबंदी घाला, झाला किल्ला. अशा रीतीनं लिमानाकीच्या देवळाशेजारी भगवा झेंडा लागला, आणि बाजारात दुसरी माणसं मिळत नसल्यामुळं गावात सगळी वस्ती मावळ्यांची झाली. चार गवळणी होत्या, त्यांना काळ्या शाली पांघरून म्हाताऱ्या केलं.

कमळाकर पोरांत पोर होऊन राबला. जैतुनाच्या झाडांसाठी त्यानं निरगुडीचे तुरे आणले, कारण निरगुडीचं पान खालून रुपेरी असतं. डोंगरावर अळीव पेरून हिरवळ उगवायची पोरांना हौस, तर हा म्हणे, बोडका डोंगर बोडकाच राहील. पोरं म्हणाली, मार्क कापतील. शेवटी डोंगराच्या कमरेपर्यंत अळीव आणि वर टक्कल, असा तह झाला. शाळा मिठाईच्या खोक्याची, हळदीनं पिवळी केलेली. समुद्र निळ्या रांगोळीचा, आणि समुद्रात करवंटीची बोट. बोटीत एक मावळा ठेवायला गेले, तर कमळाकरनं तो काढला.

"बोटीत कोन नाय. सगले गावात गेलेत."

एक गोष्ट मात्र त्यानं सुरुवातीलाच करून ठेवली होती. अख्खं गाव त्यानं पंपघराच्या भिंतीला चिकटवून बांधायला घेतलं. डोंगराला टेकू पाहिजे, म्हणाला. टेकू कसला! मागं कोणी जाऊ नये म्हणून. लिमानाकीची मागची बाजू त्याला ठाऊकच नव्हती. सगळी घरं त्यानं तोंडाकडून बघितलेली. त्यांना पाठ होती की नाही, हे देव जाणे.

दोन दिवसांनी कर्णिक आले आणि पंपघराला रंग लावायचा आहे म्हणाले. सगळे किल्ले मैदानाच्या मध्यभागी हलवायचे.

"चारही बाजूंनी दिसला पाहिजे. किल्ल्याला मागं चोरवाट असते, ती पण बघायची असते. काय मढवी?"

पोरांनी गाव खाली फळी सारून उचललं नि मध्ये नेलं. मागून बघितलं तर विटा, गोणपाट आणि उघडी खोकी.

"काका, मागं काय करायचं?"

"मागं डोंगर."

"डोंगर वर आहे. घरांच्या मागं?"

"घरांच्या मागं घरांची मागची बाजू."

"ती कशी आहे?"

कमळाकर पाणी प्यायला म्हणून घरी गेला तो दिवेलागणीला परत आला. "मागं मिलिटरी हाय," त्यानं सांगितलं. "बघायला बंदी." पोरं खूश झाली आणि त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तोफा तिकडं नेऊन लावल्या. वाघही तिथंच ठेवला. नंदिनीबाई दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेल्या. शाळेच्या पाठीवर तोफ रोखलेली पाहून त्यांनी नुसता चष्मा पुसला. कर्णिक मात्र बोलले. बक्षीस समारंभाला माइकवर मढवीसाहेब स्वतः गावाच्या आतली नि मागची माहिती देतील, असं त्यांनी सूचनाफलकावर खडूनं लिहून टाकलं.

त्या दिवशी कमळाकर जेवायला बसला आणि ताट तसंच ठेवून उठला. पुतळानं आधी चव बघितली, मीठ बरोबर होतं.

"काय झालं?"

"परवा माइकवर इचारनार. आत काय, मागं काय."

"मंग सांगा, नाय उतरलो. चोरी केली काय तुमी?"

"मना खोटा म्हनू दे. त्याचा काय नाय." तो भिंतीकडं बघत म्हणाला. "पन एकदा मी खोटा झालो, की गाव पन खोटा होनार. लोक म्हनतील, असा गावच नाय. शाला नाय, घंटा नाय. ती पोरं रोज धक्क्यावर येत व्हती, पुतला. हात हलवत व्हती. ती पन नव्हती असं होईल."

पुतळानं ताटातला भात एका कडेला सारला.

"परवा करंजाड्याची हलद हाय ना तुमची?"

"जानार नाय."

"जा. शब्द दिलाय ना तुमी. मागचं मी बघते."

"तू काय बघशील?"

"मागचं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

स्पर्धेच्या दिवशी कमळाकर करंजाड्याला मटण रांधत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या रश्श्याला मीठ दोनदा पडलं. कोणी काही बोललं नाही, कारण त्या दिवशी त्यानं लिमानाकीचा एक शब्द काढला नव्हता, आणि घरात काही अशुभ तर नाही ना, अशी लोकांना शंका आली.

ऊन उतरायच्या बेताला तो परतला, पिशवीत पळी तशीच. मैदानात बोनकोडे आणि सेक्टर दोन्ही लोटले होते. किल्ल्यांवर पणत्या लागल्या होत्या. लिमानाकीच्या समोरच्या बाजूला लोक "वा वा" करत होते. मागच्या बाजूला मात्र पुतळाची जुनी साडी पडद्यासारखी लावलेली. नंदिनीबाईंनी समोरून गुण दिले. मग कर्णिकांनी माइक फुंकून बघितला.

"आता मागची बाजू. मढवीसाहेब, या प्लीज."

पोरांनी साडी ओढली.

तोफा गेल्या होत्या, वाघ गेला होता. घरांना मागची दारं होती. दारांबाहेर दोऱ्या बांधून चिंध्यांचे कपडे वाळत घातलेले. काडेपेटीच्या काड्यांवर केसाएवढे बोंबील लटकत होते. बुडकुलीची, म्हणजे छोट्या मडक्याची विहीर, विहिरीवर चार काळ्या शालवाल्या, त्यातल्या दोघींची तोंडं एकमेकींकडं नसून मुद्दाम उलट्या दिशांना. खुराडं, उकिरडा, मोरी, मोरीतून रांगोळीच्या समुद्राकडं जाणारं सांडपाणी. आणि शाळेच्या मागच्या दाराशी एक मावळा. त्याच्या भाल्याचं टोक काढून तिथं पितळी पत्र्याची इवलीशी पळी बसवलेली. कमरेला निळ्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा. तो तुकडा कमळाकरनं ओळखला. बोटीवर तो जे फडकं कमरेला बांधायचा, ते पुतळानं इतकी वर्षं कुठंतरी ठेवलं होतं.

"हा मावळा इथं काय करतोय?" कर्णिकांनी विचारलं.

"मावला नाय त्यो," गर्दीतून पुतळा म्हणाली. "भंडारी हाय. बोटीवरचा."

"मग इथं कसा?"

"उतरला."

कर्णिकांनी माइक कमळाकरच्या तोंडासमोर धरला. कमळाकरनं माइक हातात घेतला, तोंडापाशी नेला, आणि मग वळून तो पुतळाकडं दिला.

"मागचं हिच्याकडं हाय. हिला इचारा."

पुतळानं उभ्या जन्मात माइक धरला नव्हता. तिनं तो मुसळासारखा दोन्ही हातांनी धरला आणि सुरुवात केली. ही विहीर. हिचं पाणी गोड, पण रहाट करकरतो. या दोघी सख्ख्या जावा, यांचं सकाळपासून बोलणं नाही, कारण हिच्या कोंबडीनं तिची सुकत घातलेली मासळी खाल्ली. ही तिसरी दोघींकडचं ऐकते आणि चौथीला सांगते.

"पण वहिनी," कर्णिक मध्येच म्हणाले, "तुम्ही तर ठाण्याच्या पलीकडं कधी गेला नाहीत."

"नाय गेले."

"मग तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"पुढचा गाव यांनी बघितलाय. तिथं मानसं राहतात ना? जेवत असतील ना? जेवली की भांडी निघनार. भांडी निघाली की पानी लागनार, पान्यावर बाया येनार, आनि बाया आल्या की यो सगला आलाच. त्याला बोटीत कशाला बसायला लागतंय?"

बायका खदखदून हसल्या. निसर्गदीपच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, तिसरीचं नाव काय हो. रायगडवाली पोरं आपला रायगड सोडून इकडं येऊन बसली. कोणीतरी म्हणालं, वास कसा असतो गावाला.

"सकाली पावाचा," पुतळा म्हणाली. "मागच्या गल्लीत भट्टी हाय. दुपारी तलल्या मासलीचा. संध्याकाली बकऱ्या उतरल्या की बकऱ्यांचा. आनि पाऊस पडून गेला की त्या जैतुनाचा, कडू."

कमळाकर तोंड उघडं टाकून ऐकत होता. माइकची, माणसांची, कर्णिकांची त्याला शुद्ध नव्हती. भट्टी मागच्या गल्लीत होती तर. म्हणूनच पहाटे त्या बाजूनं धूर निघायचा. तो दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "आनि शालेत? शालेत आत काय हाय गं?"

कमळाकरच पुतळाला विचारतोय, हे हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उतरलं. कर्णिक म्हणाले, "म्हणजे मढवी, तुम्ही..." आणि नंदिनीबाईंनी त्यांच्या दंडाला असा काही चिमटा काढला, की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

पुतळानं शाळेच्या आतलं काही केलं नव्हतं. खोक्याच्या आत नुसता अंधार होता. तिनं खोक्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि माइक खाली घेतला. जे काही होतं ते तिनं त्यालाच सांगितलं, बाकीच्यांना आपोआप ऐकू आलं.

"आत बाकं हायत. पुढं फला हाय. फल्यावर पोरांनी खडूनं बोट काढलीय. बोटीवर एक मानूस हाय, त्याच्या हातात पली हाय. मास्तर रोज पुसायला जातो, पन पोरं पुसू देत नाय."

कमळाकर खाली बसला. मग त्यानं पळीवाला भंडारी दोन बोटांत धरला आणि शाळेच्या दारातून हळूच आत सरकवला.